थारचा टप गळतोय? टप बदलण्याआधी चेन बघा

चाकण : कापडी टपाची गाडी घेताना शोरूममध्ये टप उघडायचा कसा आणि परत बसवायचा कसा, हे हौसेने दाखवतात. टपाच्या चेनची काळजी कशी घ्यायची, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या खिडकीची चेन अडकते, घाईत जोर लावला की रनर हातात येतो, सीट भिजते आणि गॅरेजवाला सांगून मोकळा होतो, "टपच बदला." टप बदलायला हजारो रुपये लागतात. रनर मिळतो काही रुपयांत. बऱ्याच गाड्यांचं दुखणं त्या रनरचंच असतं, कापड अजून चांगलं असतं. म्हणून मृग लागायच्या आत अर्धा तास काढा आणि हे एकदा नीट वाचा.

आपल्याकडे कापडी टप काही नवा नाही. खेड, जुन्नर, मावळच्या रस्त्यांवर वडापच्या जीप धावायच्या तेव्हापासून हुड, ताडपत्री, रेक्झिन हे शब्द सगळ्यांच्या तोंडात आहेत. त्या जुन्या मेजर-कमांडरच्या हुडाला पट्टे, बकल आणि बटणं असायची. पट्टा तुटला तर सुतळी बांधून काम भागायचं. 2010 साली महिंद्राची थार आली आणि 2 ऑक्टोबर 2020 ला तिचं नवं रूप बाजारात आलं. त्यानंतर शेतकऱ्याच्या पोरापासून कंपनीतल्या सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना या गाडीचं वेड लागलं. (ही गाडी बनते नाशिकला. चाकणला महिंद्राचा मोठा कारखाना आहे म्हणून अनेकांना ती इथलीच वाटते.) टप कंपनीचा असो की बाहेर शिवून घेतलेला, आजच्या बहुतेक कापडी टपांत मागची आणि बाजूची प्लास्टिकची खिडकी चेनवर असते. चेनला सुतळी बांधून चालत नाही.

चेन चालते कशी

दुरुस्ती समजायची तर आधी वस्तू समजली पाहिजे. चेनमध्ये दोन कापडी पट्ट्या असतात, पट्ट्यांच्या कडेला दात असतात आणि दातांवरून फिरतो तो रनर. रनर उलटा करून बघा. त्याच्या आत इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट असते. पुढून दोन वाटा, मागून एक. दोन्हीकडचे दात पुढून आत येतात, रनरच्या भिंती त्यांना एकमेकांत दाबतात आणि मागून ते गुंतून बाहेर पडतात. उलट ओढला की मधली पाचर त्यांना वेगळं करते. बस्स, एवढंच यंत्र आहे. गिडियन सुंडबॅक नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने अमेरिकेत 1913 च्या सुमाराला हे आजचं रूप दिलं आणि शंभर वर्षं उलटली तरी त्यात फारसा फरक पडलेला नाही.

भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये काम करणाऱ्यांना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. जाड, सुटे दिसणारे प्लास्टिकचे दात पट्टीवरच मोल्डिंग करून बसवतात आणि त्यासाठी बहुतेक वेळा पीओएमचा दाणा वापरतात. दुसऱ्या प्रकारात नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या तारेचं वेटोळंच दातांचं काम करतं. तिला कॉइल चेन म्हणतात. रनर बऱ्याचदा झिंकच्या प्रेशर डाय कास्टिंगचा असतो. इथेच गोम आहे. झिंकचा हा भाग किमतीला स्वस्त, पण घासला की झिजतो आणि वाकवला की तुटतो. दात शाबूत राहतात, रनरच्या भिंती आतून झिजतात, त्यांच्यातली फट वाढते. मग रनर पुढे जातो पण मागे दात गुंततच नाहीत. लोक म्हणतात "चेन गेली". चेन गेलेली नसते, रनर गेलेला असतो.

रनरच्या पाठीवर बारीक आकडा असतो. 5, 8, 10 असा. गुंतलेल्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. पँटच्या चेनचा आकडा लहान असतो, टपाला मोठी चेन लागते, आणि 10 नंबर टपांत बराच आढळतो. हा आकडा आत्ताच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. रनर हरवल्यावर त्याचा नंबर कोणी सांगू शकत नाही.

खरा शत्रू : धूळ आणि तेलाची लापशी

चाकण-तळेगाव रस्त्याने किंवा शिक्रापूरकडे जाताना दुपारी गाडीच्या बोनेटवर बोट फिरवून बघा. रस्त्याकडेच्या मातीची, बांधकामाच्या सिमेंटची आणि खडीच्या डंपरमधून उडणाऱ्या भुकटीची एक करडी पूड बोटाला लागते. आपला दगड म्हणजे काळा बसाल्ट, चांगलाच कठीण. त्याची पूड दातांच्या बेचक्यात बसली की रनरची प्रत्येक फेरी म्हणजे पॉलिश पेपर ओढल्यासारखं होतं.

त्यात आपण वर तेल सोडतो. चेन घट्ट झाली की हाताला लागेल ते लावायची सवय आहे : खोबरेल तेल, जुनं इंजिन ऑइल, कंपनीतून कागदात गुंडाळून आणलेलं ग्रीस. त्या दिवशी चेन लोण्यासारखी फिरते. आठ दिवसांनी त्याच तेलावर धूळ बसते आणि काळी लापशी तयार होते. टूलरूममधल्या माणसाला याचं नाव विचारा, तो लगेच सांगेल, ही तर लॅपिंग पेस्ट. धातू घासून गुळगुळीत करायला आपण मुद्दाम तेलात कठीण पूड कालवून वापरतो, तेच आपल्या रनरच्या आत घडतं. शिवाय खोबरेल तेल जुन्नर-आंबेगावच्या थंडीत सकाळी गोठतं, आणि ग्रीस कापडात उतरलं की डाग जन्मभर जात नाही. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकलाही तेल, पेट्रोल, रॉकेल, थिनर चालत नाही. ते धुरकट होतं, नाहीतर कडक होऊन तडकतं.

म्हणून पहिला नियम असा की आधी धुवायचं आणि मगच काही लावायचं. न धुता लावलेलं कोणतंही वंगण आतल्या धुळीला आतच कोंडून ठेवतं.

धुवायची पद्धत

लागतं काय, तर जुना टूथब्रश, बादलीभर कोमट पाणी, थोडा गाडीचा शाम्पू किंवा भांड्यांचं पातळ साबण आणि सुती फडकं. आधी चेन कोरडी असतानाच ब्रशने धूळ झाडून घ्या. ओल्यावर घासलं तर पूड पट्टीच्या विणीत जाते. मग चेन बंद ठेवून बाहेरची बाजू साबणाच्या पाण्याने घासा, नंतर उघडून आतली बाजू. ब्रश दातांच्या आडवा न फिरवता लांबीच्या दिशेने फिरवा. रनरच्या पोटात ब्रशचे केस नीट पोहोचत नाहीत, तिथे कापडाची चिंधी साबणात भिजवून वाटेतून ओढून काढा. चिंधी किती काळी निघते ते बघितलं की बाकी सांगायची गरज राहत नाही.

आता पाण्याचं. आपल्या बऱ्याच गावांत गाडी बोअरच्या पाण्याने धुतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते वाळल्यावर दातांवर पांढरा थर सोडतात. धुणं बोअरवर करा, पण शेवटचा तांब्याभर हात नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा असू द्या आणि लगेच फडक्याने टिपा. थर आधीच बसला असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ब्रश फिरवा आणि ताबडतोब भरपूर पाण्याने धुवून टाका. आंबट पाणी झिंकवर जास्त वेळ राहिलं तर रनरच खातं.

अलिबाग, काशीद, मुरूडला फिरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चेन धुवा. समुद्राच्या खारट हवेने झिंकच्या रनरवर पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि तो जागेवर जाम होतो. रविवारी रात्री दमून गाडी लावली आणि पुढच्या शनिवारी बघितलं, असं करू नका.

सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनबद्दलही सांगायला हवं. दसऱ्याला, खंडेनवमीला गाड्यांची रांग लागते आणि पोरगा पाइप घेऊन सगळीकडे सारखाच फवारा मारतो. पत्र्याला ते ठीक आहे. कापडी टपावर जवळून मारलेला फवारा धूळ बाहेर काढण्याऐवजी शिलाईच्या भोकांत आणि दातांत ढकलतो, कापडावरचा पाणी अडवणारा थरही उडवतो. टपापुरतं गन बाजूला ठेवायला सांगा आणि साधा पाइप वापरा. पोरगं हसेल, हसू द्या.

मग लावायचं काय?

चेन पूर्ण वाळल्यावर कोरडं वंगण लावायचं. कोरडं म्हणजे ज्याला धूळ चिकटत नाही असं. घरात असलेली साधी पांढरी मेणबत्ती हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. चेन बंद करून दातांवरून मेणबत्ती दोन-तीनदा घासा, उघडून आतून घासा, रनर पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली फिरवा आणि वर आलेला मेणाचा भुगा फडक्याने पुसून टाका. मधमाशीचं मेण मिळालं तर अजून छान. अंगाच्या साबणाची वडीही वेळेला चालते, पण पहिल्या सरीत ती फेस होऊन वाहून जाते. पेन्सिलचं शिसं पितळी दातांना ठीक. कापडी टपाच्या फिक्या पट्टीवर ते काळं पसरतं.

त्याहून टिकाऊ म्हणजे सिलिकॉन स्प्रे. प्लास्टिक मोल्डिंग करणाऱ्यांना तो ठाऊक आहे, डायमधून माल सुटावा म्हणून मारतात तोच प्रकार. प्लास्टिकच्या दातांना तो अपाय करत नाही आणि पाण्याने लवकर धुतला जात नाही. मात्र थेट चेनवर फवारू नका, खिडकीच्या प्लास्टिकवर उडाला तर रात्री समोरून-मागून येणाऱ्या दिव्यांत सगळं धुरकट दिसतं. फडक्यावर मारा आणि फडकं दातांवरून फिरवा. कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये कामाला असाल तर कारण तुम्हाला माहीतच असेल : सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर रंग फाटतो, बारीक खळगे पडतात. म्हणूनच तिथे सिलिकॉन आत न्यायला बंदी असते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची असेल तर आधी स्प्रे करू नका, आणि स्वतः पेंट शॉपला जात असाल तर हात आणि कपडे स्वच्छ करूनच जा.

गंज सोडवणारा स्प्रे मिळतो, तो जाम झालेला रनर मोकळा करायला एकदा वापरा. त्यात थोडं तेल असतंच. रनर सुटला की चेन पुन्हा साबणाने धुवा आणि मग मेण लावा.

ओढायची रीत

निम्म्या चेन धुळीने मरतात आणि उरलेल्या आपल्या हातांनी, असं म्हटलं तर चूक होणार नाही. चेन हे काही कापड ताणायचं साधन नाही. टप समोरच्या काचेच्या पट्टीला घट्ट अडकवून मग मागची खिडकी ओढून लावायला गेलात तर सगळा ताण रनरवर येतो. आधी टप थोडा सैल ठेवा, एका हाताने दोन्ही पट्ट्या जवळ धरा आणि दुसऱ्या हाताने रनर सरळ रेषेत न्या. कोपऱ्याला वळण आलं की थांबा, हात बदला, तिथे पट्ट्या पुन्हा जुळवा आणि मगच पुढे जा. सगळ्या चेन लागल्यावर टप ताणून घ्या.

पूर्ण निघणाऱ्या खिडकीची चेन जॅकेटसारखी असते. एका पट्टीच्या टोकाला खिळी, दुसऱ्या पट्टीला डबी. खिळी डबीच्या तळापर्यंत गेली नसताना रनर ओढला की पहिलेच चार दात वाकडे गुंततात आणि पुढची सगळी चेन तिरकी होते. तुटण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याकडेला घाईघाईत खिडकी लावताना असंच होतं. त्यामुळे ढग दिसले की पहिल्या थेंबाच्या आधी थांबा. माळशेज, भीमाशंकर किंवा लोणावळ्याच्या बाजूला जाणार असाल तर खिडक्या घरूनच लावून निघा.

रनरमध्ये कापड अडकलं तर पुढे ओढू नका. अडकलेलं कापड आडवं, चेनपासून लांब ताणून धरा आणि रनर हळूहळू मागे घ्या. हार-तोरणांचा दोराही असाच गुंततो. गाडीची पूजा झाली की झेंडूची माळ टपाला बांधतात, दोरा रनरखाली जातो आणि दुसऱ्या दिवशी चेन अडते. हार पुढे जाळीला बांधा.

यात्रेवरून आठवलं. निमगावच्या खंडोबाला किंवा बैलगाडा शर्यतीच्या घाटावर गेलेली गाडी परत येते ती भंडाऱ्या-गुलालात न्हाऊन. ही पूड अगदी बारीक असते. सुकी असताना ब्रशने झाडली तर सहज जाते, पाणी लागलं की तिचा लगदा होऊन दातांत बसतो आणि पट्टीवर डाग पडतो. तेव्हा घरी आल्यावर आधी झाडा, पाण्याचा पाइप नंतर.

थंडीत सकाळी खिडकीचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, टपाचं कापडही आखडलेलं असतं. गाडी थोडा वेळ उन्हात उभी करा, मग उघडा. काढलेली खिडकी घडी घालून डिकीत कोंबू नका. जुनी चादर मध्ये घालून सपाट ठेवा. आणि ओला टप कधीही दुमडून ठेवायचा नाही, आत बुरशी धरते आणि शिलाईचा दोरा कुजतो. दोरा गेला की चेन पट्टीसकट सुटते आणि मग मेणबत्तीचा काही उपयोग नाही.

ऊन हा वेगळाच मामला आहे. चेनची पट्टी आणि दात वर्षानुवर्षं उन्हात राहिले की ठिसूळ होतात आणि त्यावर कुठलंच वंगण उपाय नाही. शेड असेल तर शेड, नाहीतर झाडाची सावली. अंगावरचं कव्हर घालत असाल तर ओल्या टपावर घालू नका.

बिघडलीच तर

चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर आधी धुऊन बघा, निम्म्या वेळा तेवढ्यावर काम भागतं. नाही भागलं तर छोटी पक्कड घ्या. रनर चेनच्या सुरुवातीला आणा आणि त्याच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा एकेक करून अगदी हलक्या दाबा. पाव दाब, मग फिरवून बघा, मग परत पाव दाब. एकदम दाबलात तर झिंकचा रनर टचकन तुटतो. हा इलाज तात्पुरता आहे. झिजलेली भिंत दाबून जवळ येते, पण झीज भरून निघत नाही. रनर बदलणं हेच खरं.

रनर बदलणं अवघड नाही. चेनच्या टोकाची थोडी शिलाई उसवायची, तिथला स्टॉपर काढायचा, जुना रनर बाहेर, नवा रनर दोन्ही पट्ट्यांवर अगदी समान अंतरावर चढवायचा, आणि टोकाला जाड पॉलिस्टर दोऱ्याने सात-आठ टाके घालून नवा अडथळा करायचा. समान अंतर चुकलं तर खिडकी तिरकी बसते. घरी जमत नसेल तर गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कुशनवाल्याकडे जा. चाकण, राजगुरुनगर, भोसरी, पिंपरी सगळीकडे ही दुकानं आहेत. बॅगा आणि चपला शिवणारा कारागीरही हे काम सफाईने करतो, पण मोठ्या नंबरचा रनर त्याच्याकडे असेलच असं नाही. काढलेला फोटो दाखवा, आणि चेन कॉइलची आहे की मोल्डिंगच्या दातांची, हे आधी सांगा. एकाच नंबरचा असला तरी एका प्रकारचा रनर दुसऱ्यावर चालत नाही.

मधले दात तुटले किंवा पट्टी फाटली तर पूर्ण चेन बदलावी लागते. तेव्हाही टप बदलायची गरज नसते. कारागीर जुनी चेन उसवून त्याच भोकांच्या रेषेत नवी शिवतो. त्याला दोन गोष्टी बजावा : दोरा पॉलिस्टरचा वापर, सुती नको, आणि पट्टीच्या वर पाणी वाहून जायला कापडाची झडप असेल तर ती परत तशीच शिव. चेन स्वतः पाणी पूर्ण अडवत नाही. पाणी अडवते ती झडप. झडप आत दुमडलेली राहिली म्हणून टप गळतो आणि दोष चेनला लागतो, असंही पुष्कळदा होतं.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर उसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

मागची खिडकी उघडी ठेवून गाडी चालवू नका

हे सीट भिजण्यापेक्षा गंभीर आहे, म्हणून थोडं सविस्तर. चेन तुटली की बरेच जण मागची खिडकी अर्धी उघडीच ठेवून महिनोन्महिने फिरतात, पुढच्या काचा मात्र पावसामुळे बंद. गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. मागे भोक आणि पुढे सगळं बंद असेल तर तो धूर गाडीत ओढला जातो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की घाटाने गाडी लागली. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतील तर त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

खिडकी लागतच नसेल आणि जाणं भागच असेल तर पुढच्या दोन्ही काचा थोड्या खाली ठेवा, पंखा चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्या, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. कोणाचं डोकं दुखू लागलं तर गाडी थांबवून सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. जुन्या जीपमध्ये सायलेन्सर फुटका असतो, तिथे धोका जास्त. कोंडीत इंजिन चालू ठेवून उभं राहतानाही हेच. तळेगाव चौकात अर्धा अर्धा तास अडकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

रिक्षाच्या पावसाळी पडद्यांना लागलेल्या चेन, ट्रॅक्टरच्या कापडी केबिनच्या चेन, बाइकवरच्या टूरिंग बॅगा, या सगळ्यांना वरचंच लागू आहे. शाळेची मुलं नेणाऱ्या रिक्षावाल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. पडद्याची चेन आतूनही सहज उघडली पाहिजे, म्हणून रनरला आत-बाहेर दोन्हीकडे ओढायची पट्टी असलेला रनर बसवून घ्या. कुशनवाल्याला "दोन्हीकडचा रनर" म्हटलं की कळतं.

जुनी थार किंवा जीप घ्यायला जाणार असाल तर टायर आणि इंजिन सगळेच बघतात. तुम्ही विकणाऱ्याला प्रत्येक खिडकीची चेन पूर्ण उघडून परत लावायला सांगा, स्वतः हात लावू नका. कुठल्या कोपऱ्यात तो थांबतो, कुठे शिवी हासडतो, ते बघा. मग बादलीभर पाणी मागवा, टपावर ओता आणि आत बसून छताच्या कोपऱ्यांना हात लावा. ओल लागली तर चेन आणि शिलाईचा खर्च कुशनवाल्याला फोटो पाठवून विचारा, आणि तेवढे पैसे सौद्यातून कमी करून घ्या.